दोन टक्के चेहरा

एखाद्या आईने मुलीच्या गालावरच्या लाल डागावर लेझर उपचार सुरू केल्याचं जाहीरपणे सांगितलं, की आपल्याकडे ठरल्यासारखे दोन गट पडतात. एक म्हणतो, पोरीला काही दुखतंय का, खुपतंय का? मग तिच्या जिवाला ताप आणि खिशाला चाट कशाला? दुसरा म्हणतो, डाग आहे तसाच सुंदर आहे, बदलायचीच असेल तर समाजाची नजर बदला. पहिल्याला आपण व्यवहाराचं बोलतोय असं वाटतं, दुसऱ्याला पुरोगामी. गंमत अशी की दोघेही पोचतात एकाच ठिकाणी: डॉक्टरकडे जायची गरज नाही. माझं म्हणणं असं की इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ‘हा डाग किती गंभीर?’ याला एक उत्तर नाही. त्यापासून डोळ्याला, मेंदूला, श्वासाला धोका किती, हा एक हिशेब. तो पुढे वाढणार, जाड होणार की विरून जाणार, हा दुसरा. आणि तो चेहऱ्यावर घेऊन जगणाऱ्याला रोज किती भार वाहावा लागतो, हा तिसरा. यातला एकच हिशेब तपासून बाकीचे दोन शून्य धरले की मुलांचं खरंखुरं नुकसान होतं, आणि आपल्याकडे डॉक्टर, विमा कंपन्या, कायदा आणि नातेवाईक सगळे बहुतेक वेळा हेच करतात.

आधी कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. बाळाच्या चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांमुळे उमटणाऱ्या खुणा मुख्यतः तीन प्रकारच्या. दोन भुवयांमध्ये किंवा पापण्यांवर फिकट गुलाबी छटा असते, ती कितीतरी नवजात बाळांमध्ये दिसते आणि चेहऱ्यावरची बहुधा दोनेक वर्षांत पुसट होते. तिच्यावर शब्द खर्च करायचं कारण नाही. दुसरा प्रकार हेमँजिओमाचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गाठीचा: जन्मतः जवळजवळ दिसत नाही, पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढतो, पुढे वर्षानुवर्षं ओसरत जातो. शंभरातल्या चार-पाच बाळांना तो होतो. तिसरा पोर्ट-वाइन स्टेन, म्हणजे लालसर-जांभळा सपाट डाग, हजारात साधारण तिघांना. हा जन्मापासून असतो, मुलाबरोबर वाढतो आणि आपणहून कधीच जात नाही. उलट मोठेपणी गडद होतो, जाड होतो, कित्येकांच्या डागावर गाठी येतात, त्या रक्ताळतात. १९८२ साली बोस्टनच्या जॉन मुलिकेन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी वाढणारी गाठ (हेमँजिओमा) वेगळी आणि घडणीतला दोष (पोर्ट-वाइन स्टेन) वेगळा अशी विभागणी मांडली, तोवर वैद्यकातही या सगळ्यांची खिचडी होती. घरोघरी ती अजून आहे. ‘आमच्या भाच्याचा आपोआप गेला’ हा अनुभव शंभर टक्के खरा असतो, पण तो हेमँजिओमाचा असतो. पोर्ट-वाइन स्टेनच्या पालकांना तो सांगणं म्हणजे त्यांची पाच-सात वर्षं वाट पाहण्यात घालवणं. (ग्रहणात विळी हातात धरली म्हणून डाग आला, हे अजूनही आईला ऐकावं लागतं. पोर्ट-वाइन स्टेनच्या बहुतेक रुग्णांत गर्भ वाढत असताना एका पेशीत झालेला जनुकीय बदल सापडतो, हे २०१३ सालीच कळलं आहे. तो आईबापांकडून येत नाही आणि ग्रहणाकडूनही येत नाही.)

आता धोक्याचा हिशेब. इथे सामान्य समज असा की मोठा डाग म्हणजे गंभीर, लहान म्हणजे किरकोळ. चेहऱ्याच्या बाबतीत हा समज घातक आहे, कारण धोका आकारापेक्षा जागेवरून ठरतो. वरच्या पापणीवरचा छोटासा हेमँजिओमा पापणी खाली ओढतो, त्या डोळ्याने बाळाला नीट दिसत नाही, मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा कायमचा मंद राहू शकतो. पुढे गाठ विरून गेली तरी गेलेली दृष्टी तिच्याबरोबर परत येत नाही. हनुवटी आणि जबड्याच्या कडेने, म्हणजे पुरुषांना दाढी येते त्या भागात पसरलेला हेमँजिओमा असला तर तशीच गाठ श्वासनलिकेत असू शकते. ओठावरच्याला जखम होते, बाळ दूध ओढेनासं होतं. पोर्ट-वाइन स्टेन कपाळावर असेल तर डोळ्यातला दाब वाढण्याची आणि मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही सदोष असण्याची शक्यता असते. विल्यम स्टर्ज यांनी १८७९ साली अशा मुलीची हकिकत नोंदवली, पार्क्स वेबर यांनी १९२२ साली मेंदूतल्या खुणा एक्स-रेवर दाखवल्या, आणि त्या दोघांच्या नावाने हा विकार आज ओळखला जातो. तोच डाग, तेवढाच, हनुवटीवर असता तर ही भीती जवळजवळ नसती. मग ‘केवढा आहे?’ या प्रश्नाने आपण नेमकं काय मोजतो?

विरोधी बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा काळाचा आहे आणि तो मान्यच करायला हवा. बहुतेक हेमँजिओमा काहीही न करता ओसरतात. गेल्या शतकात बाळांवर उगाच किरणोपचार झाले, शस्त्रक्रिया झाल्या, त्यांचे व्रण आजारापेक्षा वाईट निघाले. ‘थांबा आणि पाहा’ हा सल्ला त्या अतिरेकातून आलेला शहाणपणाचा सल्ला होता. पण सल्ल्यामागची परिस्थिती बदलली तरी सल्ला तोंडपाठ राहतो, तसं इथे झालं. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांच्या चमूला दिसलं की हृदयाच्या तक्रारीसाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने एका बाळाचा हेमँजिओमा भराभर फिका पडला. हे १९६० च्या दशकातलं जुनं, स्वस्त औषध. बाळाची साखर आणि हृदयाचे ठोके सांभाळून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते द्यावं लागतं, पण ते काम करतं आणि लवकर दिलं तर जास्त काम करतं. हेमँजिओमाची सर्वात वेगवान वाढ साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात होते, तीन महिन्यांच्या आसपास बरीचशी वाढ पूर्ण होते. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात धोक्याच्या जागी असलेला हेमँजिओमा बाळ महिन्याचं असतानाच तज्ज्ञाला दाखवायला सांगितलं. महिन्याच्या बाळाच्या पापणीवर तेव्हा जेमतेम एक लाल ठिपका असतो. आज तो किती वाईट दिसतो यावर गंभीरता ठरवायची, तर उत्तर ‘किरकोळ’ येणार. दोन महिन्यांनी तेच उत्तर चुकीचं ठरतं आणि तोवर उपचाराची चांगली वेळ निघून गेलेली असते. शिवाय ‘आपोआप गेला’ म्हणजे काही उरलं नाही असं नव्हे. ताणलेली सैल त्वचा, नाकाच्या शेंड्याचा बिघडलेला आकार, ओठावरचा व्रण मागे राहतोच.

मग मोजायचं कसं? त्वचारोगांत मोजणीची जी साधनं सर्रास वापरली जातात ती चेहऱ्यापाशी आली की विचित्र उत्तरं देतात. भाजलेल्या रुग्णांसाठी नऊचा नियम आहे: मोठ्या माणसाचं डोकं-मान मिळून शरीराच्या पृष्ठभागाचे ९ टक्के, एक हात ९, एक पाय १८. या हिशेबाने अर्धा चेहरा जांभळा असला तरी तो होतो दोन टक्क्यांच्या आसपास. सोरायसिसमध्ये ३ टक्क्यांहून कमी त्वचा व्यापली असेल तर आजार सौम्य धरण्याची जुनी पद्धत आहे. चेहऱ्याला वेगळं धरायला हवं हे अलीकडे तिथेही मान्य होऊ लागलं आहे. अर्धा चेहरा सौम्य! मांडीवरचे दोन टक्के आणि चेहऱ्यावरचे दोन टक्के एकाच भावाने मोजणाऱ्या मापाला शास्त्रीय म्हणायचं ते फक्त त्यात दशांश चिन्ह असतं म्हणून?

बरं, मग रुग्णालाच विचारू. त्यासाठीही प्रश्नावल्या आहेत. सर्वात प्रसिद्ध प्रश्नावली १९९४ साली कार्डिफमध्ये अँड्र्यू फिनले आणि जी. के. खान यांनी केली: दहा प्रश्न, ३० गुण, गेल्या आठवड्याबद्दल. पहिलाच प्रश्न खाज, आग, वेदना याबद्दल. पोर्ट-वाइन स्टेनला खाज नसते, तिथे गुण शून्य. पुढे विचारलंय, त्वचेमुळे गेल्या आठवड्यात लोकांत मिसळण्यावर परिणाम झाला का? जिने वीस वर्षांत लग्नसमारंभांना जायचंच बंद केलं, केस एका बाजूला सोडायची, वर्गात भिंतीलगतची बाजू धरून बसायची सवय लावून घेतली, तिचा गेला आठवडा निर्वेध गेलेला असतो. तिने आयुष्यच डागाच्या मापाने बेतून घेतलंय, त्यामुळे डाग आता आड येत नाही. मोठं तडजोडीचं आयुष्य आणि खरोखर सुखाचं आयुष्य या प्रश्नावलीत सारखेच गुण मिळवू शकतात. प्रश्नावली खोटी आहे असं मी म्हणत नाही. इसब-सोरायसिसमध्ये औषधाने फरक पडला का, हे पाहायला ती उत्तम आहे. तिच्यावर आपण भलतं काम सोपवतो.

वैद्यकात असं पूर्वीही घडलं आहे. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५२ साली नवजात बाळासाठी पाच गोष्टींचं मोजमाप मांडलं: ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. हेतू एवढाच की प्रसूतीनंतरच्या पहिल्या मिनिटात या बाळाला तातडीची मदत हवी का, हे कुणाचं तरी लक्ष जाऊन ठरावं. त्या गुणांनी जगभर बाळांचे जीव वाचवले. मग तेच गुण बाळाच्या पुढच्या बुद्धीचं भाकीत म्हणून वापरले जाऊ लागले, न्यायालयांत पुरावा म्हणून आले, आणि शेवटी तज्ज्ञ संघटनांना निवेदन काढावं लागलं की एका बाळाचं भवितव्य यावरून सांगू नका. मोजमाप तेच होतं, फक्त त्याला विचारलेला प्रश्न बदलला होता. डागांच्या गंभीरतेचं तसंच आहे. हेमँजिओमासाठी गेल्या दशकभरात ज्या श्रेणी निघाल्या, त्यांतली एक तर खास गावातल्या साध्या डॉक्टरने बाळाला पुढे पाठवावं की नाही एवढं ठरवायला केलेली आहे. ती तेवढ्यापुरती चोख आहे. त्याच आकड्यावरून विम्याचा दावा नाकारला तर दोष आकड्याचा नाही.

आता दुसऱ्या गटाचा आक्षेप, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. ते म्हणतात, भाराचा हिशेब उपचाराचं कारण मानलात तर सावळ्या रंगाचं काय? या देशात सावळ्या मुलींना रंगावरून जे सोसावं लागतं ते कुठल्याही प्रश्नावलीत भरघोस गुण मिळवेल. मग गोरं करण्याचे उपचारही वैद्यकीय गरज ठरवणार? एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली नावातला ‘फेअर’ काढला, बाजार काही आटला नाही. समाजाच्या पूर्वग्रहाचं बिल त्वचेच्या नावावर फाडायचं का? प्रश्न रास्त आहे. ‘ज्याला त्रास होतो त्याला उपचार’ एवढंच माझं म्हणणं असतं तर मी इथे हरलो असतो. पण नुसता भार पुरेसा नाही, तसा नुसता दोषही नाही. सावळी त्वचा हा दोष नाही, ती त्वचेची निरोगी अवस्था आहे. पोर्ट-वाइन स्टेनमध्ये रक्तवाहिन्यांची घडण बिघडलेली असते, ती वयाबरोबर आणखी बिघडते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की उपचाराचा हक्क तयार होतो. फाटलेल्या ओठाचं उदाहरण घ्या. काही बाळांत ओठाची चीर इतकी बारीक असते की दूध पिणं, बोलणं, काहीच अडत नाही. तरी तो ओठ शिवून घेणाऱ्या आईबापांना ‘सौंदर्याच्या नादी लागलात’ असं कुणी म्हणत नाही. सरकारही म्हणत नाही: २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीतल्या नऊ जन्मदोषांत फाटलेला ओठ आहे. चेहऱ्यावरचा रक्तवाहिन्यांचा दोष तिथे नाही. ओठाची घडण आणि गालाची घडण यांत हा भेद कशाच्या आधारावर?

याच गटाचा आणखी एक मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये निकोला रम्सी, डायना हारकोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या दिसणाऱ्या माणसांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यात पुन्हा पुन्हा दिसलं की डागाचा आकार आणि माणसाचा मानसिक त्रास यांचा फारसा मेळ नसतो. त्याआधी अमेरिकेतल्या फ्रान्सिस मॅकग्रेगर यांनी नोंदवलं होतं की कधीकधी सौम्य व्यंगाचाच जाच जास्त, कारण समोरचा बघेल की नाही, हसेल की नाही याचा अंदाजच बांधता येत नाही. यावरून लोक निष्कर्ष काढतात: म्हणजे सगळं मनावर आहे, मन घट्ट करा, गोर्बाचेव्ह नाही का कपाळावर डाग घेऊन महासत्तेचे प्रमुख झाले? झाले खरे. पण त्यांच्या सुरुवातीच्या अधिकृत छायाचित्रांतून तो डाग पुसून टाकलेला असे, हे विसरू नये. ज्या माणसाच्या हाती अण्वस्त्रं होती त्याच्याही डागाची यंत्रणेला लाज वाटत होती. आणि शिखरावर पोचलेला एक जण दाखवून वाटेत अडलेल्यांची संख्या कळत नाही. आकार आणि त्रास यांचा मेळ नाही याचा माझ्या मते सरळ अर्थ असा की त्रासातला मोठा वाटा त्वचेबाहेर, आजूबाजूला असतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत देवीचे वण असलेले चेहरे गल्लोगल्ली होते. एक डोळा देवीत गमावलेल्या, वणांनी भरलेल्या चेहऱ्याच्या रणजितसिंहांनी पंजाबवर राज्य केलं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्यानंतर ते चेहरे विरळ झाले, आणि तसाच एखादा चेहरा आज लोकलच्या डब्यात आला तर माना वळतात. वण तेवढाच, भार कितीतरी वाढलेला. म्हणून भार मोजताना फक्त मुलीला ‘तुला कसं वाटतं’ विचारून भागत नाही. शाळेत तिला काय म्हणतात, तिच्या शेजारी कोण बसतं, गॅदरिंगमध्ये तिला पुढच्या रांगेत घेतात का, हेही नोंदवावं लागेल. समाज बदला म्हणणाऱ्यांनी निदान समाज मोजायला तरी हरकत घेऊ नये.

कायद्याचा गोंधळ तर पाहण्यासारखा आहे. १८६० च्या दंड संहितेने डोक्याची किंवा चेहऱ्याची कायमची विद्रूपता ‘जबर दुखापत’ मानली, नव्या न्याय संहितेनेही ती तशीच ठेवली. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत चेहऱ्याची अतितीव्र विद्रूपता दोन्ही हात गमावण्याच्या रांगेत होती: कमावण्याच्या क्षमतेची हानी १०० टक्के. म्हणजे चेहरा बिघडला की माणसाला काम मिळत नाही, हे सरकारला कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना दिव्यांगांत घेतलं, ते योग्यच केलं. पण स्टोव्हच्या भडक्यात तसाच चेहरा भाजलेली बाई त्या व्याख्येत बसत नाही आणि जन्मतः तसा चेहरा असलेलीही नाही. कुणी म्हणेल, भरपाईच्या कायद्यात कारण महत्त्वाचं असणारच, मालकाच्या खिशातून पैसे काढायचे तर मालकाचा संबंध दाखवायला नको का? दंड आणि भरपाईपुरतं हे पटतं. दिव्यांग कायदा मात्र कुणाला शिक्षा करायला केलेला नाही, माणसासमोरचे अडथळे काढायला केला आहे. मुलाखत घेणारा चेहरा पाहून नजर चुकवतो तेव्हा तो चेहरा ॲसिडने झाला की जन्मतः, हे विचारून चुकवतो का? आणि विमा? नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांत रूप बदलणाऱ्या उपचारांना पैसे नाहीत. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल तरच. पोर्ट-वाइन स्टेनचा धोका बहुतेकदा थेट असतो पण तातडीचा नसतो, तो चाळिशीत जाड होऊन येतो. तोवर फाइलवर ‘सौंदर्योपचार’ असा शेरा बसलेला असतो.

यावर ब्रिटनचं उदाहरण दिलं जातं. तिथे १९९५ पासून, आणि आता २०१० च्या समानता कायद्यात, ‘तीव्र विद्रूपता’ असलेल्याला रोजच्या कामात काय अडतं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. कायद्याच्या मार्गदर्शनात जन्मखुणांचा नावाने उल्लेख आहे आणि चेहरा व पाठ यांत फरक करा असंही सांगितलं आहे. आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे. पण तिथेही माणसाला न्यायासनासमोर उभं राहून आपण ‘तीव्र’ विद्रूप आहोत हे पटवून द्यावं लागतं, हा अपमान आयात करण्यात मला रस नाही. ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत मुलीचा गाल मोजून घेण्यातही नाही. भेदभाव झाला की नाही ते तपासा, गाल कशाला मोजता?

मोजायचंच असेल तर ते लवकर आणि कामापुरतं मोजावं. आपल्याकडे त्याची सोय जवळजवळ तयार आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. हेमँजिओमाच्या वाढीचं वेळापत्रक याहून नेमकं जुळवता आलं नसतं. डाग पापणी, कपाळ, नाक, ओठ किंवा दाढीच्या भागात आहे का, आणि मागच्या भेटीपेक्षा वाढला का, एवढे दोन प्रश्न आणि फोनवर एक फोटो. गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून रंगापेक्षा जागा आणि वाढ पाहायला शिकवावं. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आणि मानधन तुटपुंजं, हा आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर या नोंदीचे वेगळे पैसे देणं हे आहे, नोंद न करणं हे नव्हे. लेझरचं मात्र एवढं सोपं नाही. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी रक्तवाहिनीलाच वेचून तापवण्याचं तत्त्व मांडलं, त्यावरच आजचे लेझर चालतात. तरी बैठका अनेक लागतात, डाग फिका होतो, पूर्ण जाणं थोड्यांच्याच नशिबी असतं, आणि आपल्या त्वचेतलं रंगद्रव्य तोच प्रकाश शोषत असल्याने हात आखडता ठेवावा लागतो. हे सगळं पालकांना पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे.

तिसऱ्या हिशेबात एक अडचण उरतेच: लहान बाळाचा भार आईबाप सांगतात, आणि त्यात त्यांचा स्वतःचा, सासरच्या टोमण्यांचा, मुलीच्या लग्नाच्या काळजीचा भार मिसळलेला असतो. म्हणून तो एकदा लिहून फाइल बंद करता येत नाही. शाळेत जाताना, मग दहा-बाराव्या वर्षी, मग सोळाव्या वर्षी मुलीलाच, आईबापांना खोलीबाहेर बसवून, विचारावं लागेल. ‘राहू दे, माझा आहे’ असं ती म्हणाली तर लेझर थांबवावा, कुणी तिची समजूत काढत बसू नये. डोळ्यातल्या दाबाची तपासणी मात्र त्यानंतरही ठरल्या वेळी होत राहिली पाहिजे, कारण काचबिंदू मोठेपणीही येऊ शकतो.